महाविद्यालयातील माझे पहिले वर्ष

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे पत्र संस्थेच्या चिटणीसांनी मला पाठविले. पत्र वाचून मी थोडा विचारात पडलो. इल्मची थोरवी सांगणारी वचने आपण दरवर्षी या व्यासपीठावरून ऐकतो. ती आपल्याला पाठ आहेत आणि आपण ती मान्यही केलेली आहेत. मान्य नसती, तर आजच्या मजुरीचा खाडा करून आपण येथे आला नसता. म्हणून मी तो विषय थोडा बाजूला ठेवतो आणि माझ्या आयुष्यातील एका वर्षाची हकीकत सांगतो. महाविद्यालयात मी पहिल्यांदा शिकवायला उभा राहिलो, ते ते वर्ष. त्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक मी आजवर सभेत सांगितलेली नाही. आज सांगतो, कारण येथे बसलेल्या अनेक घरांतून येत्या जूनमध्ये पहिलेच मूल महाविद्यालयाची पायरी चढणार आहे.

मी नांदेडचा. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलो, पुढे मराठी शाळेत गेलो आणि अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झालो. १९८४ च्या जुलैमध्ये लातूरच्या एका महाविद्यालयात मला तासिका तत्त्वावर काम मिळाले. लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. भल्या पहाटे नांदेडच्या स्थानकावर आईने हातात डबा दिला आणि मी लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने जाणाऱ्या एस.टी.त बसलो. मांडीवर नोटांची वही होती. वर्ग बी.ए. प्रथम वर्षाचा, विषय अर्थशास्त्र आणि पहिले प्रकरण मागणीचे. तीन रात्री जागून मी वीस पाने लिहून काढली होती. एवढी तयारी आठवडाभर पुरेल, असा माझा हिशेब होता.

वर्गात सत्तरेक मुले होती. मी हजेरी घेतली, वही उघडली आणि बोलू लागलो. आपण बोलतो आहोत हे माझ्या लक्षात होते, परंतु समोर कोणी ऐकते आहे की नाही, हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. वीसही पाने पंचवीस मिनिटांत संपली. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासातली तेवीस मिनिटे शिल्लक राहिली आणि सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच उरले नाही. तेव्हा सगळे नवे मास्तर करतात तेच मी केले. खडू खाली ठेवला आणि विचारले, ‘समजले का?’ सर्वांनी एका सुरात सांगितले, ‘हो सर.’ मला फार बरे वाटले. उरलेल्या वेळात मी मुलांना शिस्तीचे महत्त्व सांगितले.

तरुण शिक्षकांना मी नम्रपणे सांगू इच्छितो की, ‘समजले का’ या प्रश्नासारखा निरुपयोगी प्रश्न दुसरा नाही. ज्याला समजले तो हो म्हणतो. ज्याला समजले नाही, तो तर अधिकच मोठ्याने हो म्हणतो. कारण नाही म्हटले की पुढचा प्रश्न त्यालाच येणार, हे त्याला ठाऊक असते. त्या दिवशी मला मिळालेला होकार हा मुलांच्या सभ्यपणाचा होकार होता. मी तो माझ्या शिकवण्याचा समजलो.

असे दोन महिने गेले. माझ्या वर्गात शेवटच्या दोन बाकांवर सहा-सात मुले बसत आणि खिडकीकडच्या बाकावर दोन मुली. ही सर्व उर्दू शाळांतून आलेली होती. ती वेळेवर येत, उठून उभी राहत, सलाम करीत, परंतु बोलत नसत. आपली मुले म्हणून मला त्यांच्याविषयी आपुलकी होती, आणि खरे सांगायचे तर त्याच कारणाने त्यांच्याकडे पाहण्याचा संकोचही होता. मी नवा होतो, माझी नेमणूक कायम नव्हती. ‘हे सर आपल्याच मुलांकडे लक्ष देतात,’ असे स्टाफरूममध्ये कोणी म्हणेल, ही धास्ती मला सतत वाटे. तसे कोणी कधी म्हटले नाही. ती धास्ती माझी मीच घातली होती.

सप्टेंबरमध्ये मी चाचणी घेतली. प्रश्न साधा होता: पुरवठ्याचा नियम सांगा आणि उदाहरणाने स्पष्ट करा. मागच्या बाकांवरच्या बहुतेकांनी कोरे किंवा दोन-चार ओळींचे कागद दिले. एका मुलाने मात्र दोन पाने भरून दिली होती, आणि ती उर्दूत होती. अक्षर सुरेख होते. मला उर्दू वाचता येते. मी ती दोन्ही पाने वाचली असती, तर पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला नसता. मी ती वाचली नाहीत. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिले, ‘मराठीत लिहा’, आणि खाली शून्य दिले. पेपर परत देताना मी वर्गासमोर असेही म्हणालो की, येथे सर्वांना नियम सारखा आहे. असे बोलताना मला आपण फार निःपक्षपाती आहोत, असे वाटले. नियम कोणाचा होता? ती विद्यापीठाची परीक्षा नव्हती. चाचणी माझी, नियमही माझाच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा वर्गात आला नाही. मी हजेरीत आठ-दहा दिवस गैरहजर लिहिले आणि पुढे त्याचे नाव घेणे सोडून दिले. सत्तर मुलांच्या वर्गात एक कमी झाला, तर शिक्षकाची झोप उडत नाही. ही गोष्ट शरमेची आहे, पण खरी आहे.

जानेवारीत एका दुपारी मी गंजगोलाईवरून पुढे आडत बाजाराकडे गेलो होतो. लातूरच्या आपल्या मंडळींना गंजगोलाई सांगायला नको. सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात, ती जागा. आडतीत नव्या तुरीची आवक चालू होती. पोत्यांची थप्पी लागलेली, हमालांची ये-जा चाललेली, आणि एका आडत्याच्या गादीजवळ माझा तो विद्यार्थी वही मांडीवर घेऊन तोलाई-हमाली लिहीत बसलेला. मला पाहताच तो उठून उभा राहिला. काय बोलावे ते न सुचून मी विचारले, आज तुरीचा भाव काय निघाला? त्याने भाव सांगितला आणि मग न विचारता त्याचे कारणही सांगितले. चार दिवसांत आवक वाढली आहे, दाळमिलवाल्यांकडे साठा आहे, गुलबर्ग्याकडूनही माल येतो आहे, म्हणून भाव उतरला. मी म्हणालो, भाव उतरला तर शेतकऱ्याने माल कमी आणायला हवा. तो हसला. म्हणाला, सर, पुस्तकात तसे आहे. पण शेतकऱ्याच्या डोक्यावर उधारी असते, घरात लग्न असते. भाव पडला की तेवढीच रक्कम उभी करायला तो एक पोते जास्त घेऊन येतो. त्याला थांबता येत नाही.

मंडळी, मी अर्थशास्त्राचा एम.ए. होतो. किंमत घटली की पुरवठा घटतो, हा नियम मी वर्गात शिकवला होता. कर्जाच्या ओझ्याखालचा विक्रेता तो नियम कसा उलटा करतो, हे त्या मुलाने मला आडतीत उभ्या उभ्या सांगितले. निघताना त्याने हळूच विचारले, ‘सर, वो जवाब गलत था क्या?’

मी काय उत्तर देणार? मला माहीतच नव्हते. मी तो वाचलाच नव्हता.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. वडील हातगाडीवर फळे विकत. त्यांनी चहा पाजला, अदबीने बोलले, आणि मग म्हणाले, ‘साब, पहली परीक्षामेंच सिफर मिला. आगे क्या पढ़ेगा? काम को लगा दिया.’ मी पुष्कळ समजावले. चूक माझी होती, हेही सांगितले. ते म्हणाले, प्रोफेसर साहेब चूक कशी करतील? त्यांचा शिक्षकावर इतका विश्वास होता की, माझ्या एका शून्यावर त्यांनी मुलाचे शिक्षण थांबविले, आणि ते शून्य चुकीचे होते हे माझ्याच तोंडून ऐकूनही त्यांना खरे वाटेना. मुलगा परत आला नाही. त्या घरातून माझ्याकडे कोणी शिकायला आला तो दोन वर्षांनी, त्याचा धाकटा भाऊ. तो बी.ए. झाला. पण थोरल्याचे जे गेले, ते त्याने भरून निघाले असे मी कधी म्हटले नाही.

ही माझी चूक. आता त्या वर्षी मी काय शिकलो ते सांगतो.

सोमवारी वर्गात गेल्यावर मी फळ्यावर तीन उभ्या रेघा आखल्या. एका रकान्यात लिहिले मागणी, दुसऱ्यात तलब, तिसऱ्यात डिमांड. त्याखाली पुरवठा, रसद, सप्लाय. मागच्या बाकांवर एकदम हालचाल झाली. ‘तलब’ म्हणजे काय हे त्यांना शिकवावे लागले नाही. चहाची तलब सर्वांनाच ठाऊक! खिडकीकडच्या मुलींपैकी एकीने त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न विचारला. सप्टेंबरपासून मी ज्याला मठ्ठपणा समजत होतो, ते शब्दांचे अडलेपण होते. मुलांना विषय अवघड नव्हता. विषयाच्या दाराशी जे कुलूप होते, त्याची किल्ली दुसऱ्या खिशात राहिली होती.

मग मी आणखी एक प्रयोग केला. मुलांना सांगितले, घरी आणि बाजारात पैशाच्या व्यवहारात जे जे शब्द कानावर पडतात, ते लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरला. किंमत, नफा, नुकसान, जमा, खर्च, बाकी, वसूल, कर्ज, हप्ता, रक्कम, हिशेब, दलाल, हमाल, मजूर, बाजार, तेजी. मी वर्गाला विचारले, हे शब्द कोणत्या भाषेचे? पुढच्या बाकावरची मुले म्हणाली मराठीचे, मागच्या बाकावरची म्हणाली उर्दूचे. दोघांचेही बरोबर होते. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द शेकडो वर्षांपासून मराठी शेतकऱ्याच्या, वाण्याच्या आणि सावकाराच्या तोंडी आहेत. परका कोणी नव्हताच. ज्या मराठीला आपली मुले घाबरत होती, तिच्यातला बाजाराचा भाग त्यांच्या घरातलाच होता. अंतर होते ते ‘वस्तुनिष्ठ’, ‘लवचिकता’, ‘सीमान्त उपयोगिता’ अशा पुस्तकी शब्दांचे, आणि ते अंतर पुढच्या बाकावरच्या खेड्यातून आलेल्या मराठी मुलांनाही तेवढेच होते. ती मुलेही तीन रकाने उतरवून घेऊ लागली. एकाने तर सांगितले की, सर, सीमान्त उपयोगितेला आमच्याकडे शब्द नाही, पण तिसऱ्या भाकरीला पहिलीची चव नसते. मी म्हणालो, बाबा रे, हीच ती.

तिसरा बदल उत्तरांचा. मी सांगितले की, पहिल्यांदा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहा. मी वाचीन. मग तेच उत्तर शेजाऱ्याच्या मदतीने मराठीत लिहा. मार्चपर्यंत सर्वांनी मराठीत लिहिले पाहिजे, कारण विद्यापीठाच्या परीक्षेला मी तुमच्यासोबत येणार नाही. आणि ‘समजले का’ हा प्रश्न मी बंद केला. त्याऐवजी रोज एकाला उठवून म्हणे, आता हे तुझ्या घरच्या धंद्यातल्या उदाहरणाने मला समजावून सांग. मुले चुकत, अडखळत, हसत. पण मला रोज कळू लागले की, मी काय नीट शिकवले आणि काय नाही.

भाषेचा हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या भागाचा इतिहास थोडा आठवून पाहा. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे वर्ग सुरू झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी तेथील योजना होती. इंग्रज अमदानीत एका देशी भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवण्याचा तो फार मोठा उपक्रम होता. परंतु शिकवणार कशातून? पुस्तकेच नव्हती. म्हणून विद्यापीठाच्या आधीच, १९१७ मध्ये, भाषांतरासाठी दारुल-तर्जुमा ही संस्था उभी करावी लागली. औरंगाबादशी ज्यांचा दीर्घ संबंध होता ते मौलवी अब्दुल हक तिचे प्रमुख झाले. एकेका पारिभाषिक शब्दासाठी विद्वानांच्या बैठका होत. माझ्या विषयापुरते सांगायचे, तर लाहोरला तरुण अध्यापक असताना इक्बाल यांनी उर्दूत अर्थशास्त्राचे पुस्तक लिहिले होते, आणि प्राध्यापक मुहम्मद इलियास बर्नी यांनी ‘इल्म-उल-मईशत’ लिहिले. म्हणजे पहिल्यांदा वर्गात उभ्या राहणाऱ्या त्या अध्यापकांनाही प्रथम शब्दच शोधावे लागले.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. त्या काळात नांदेड-लातूरच्या खेड्यातला मराठी घरातला मुलगा माध्यमिक शाळेत जाई, तेव्हा त्याला उर्दूतून शिकावे लागे. घरी मराठी, शाळेत उर्दू. तोही मागच्या बाकावर गप्प बसत असेल. कित्येक मुलांचे शिक्षण तेथेच थांबले असेल. ज्यांचे थांबले नाही, ती पिढी अस्खलित उर्दू वाचणारी, लिहिणारी झाली. माझ्या लहानपणी नांदेडला असे वयस्क वकील आणि शिक्षक पुष्कळ होते. घरी मराठी बोलणारे आणि उर्दू वर्तमानपत्र वाचणारे. १९४८ नंतर पारडे फिरले. काल जे त्यांना सोसावे लागले, ते आज आपल्या मुलांना सोसावे लागते. याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्यांनी जसे उर्दू आपलेसे केले, तसे आपण मराठी आपलेसे केले पाहिजे, आणि उर्दूही जपली पाहिजे. एक भाषा मिळवण्यासाठी दुसरी टाकावी लागते, असा काही नियम नाही.

पहिल्यांदा शिकवणाऱ्या शिक्षकाची आणखी एक गोष्ट सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विषय आमचाच, अर्थशास्त्र. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते आणि कोलंबिया विद्यापीठात ते शिकून आले होते. तरीही एका अस्पृश्य माणसाकडून काय शिकायला मिळणार, अशा भावनेने विद्यार्थ्यांनी प्रथम त्यांच्याकडे विशेष लक्ष दिले नाही. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यालाही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पुढे त्यांच्या व्याख्यानांची कीर्ती अशी झाली की, इतर महाविद्यालयांचे विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. मार्च १९२० मध्ये ते काम सोडून ते पुढील अभ्यासासाठी लंडनला गेले. आणि हेच बाबासाहेब पुढे १९५० साली आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला महाविद्यालय काढतात. ते आजचे मिलिंद महाविद्यालय. ज्या वर्षी तेथे ते महाविद्यालय निघाले, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाड्यातील गरिबाच्या मुलाला घराजवळ उच्च शिक्षण मिळू लागले ते अशा प्रयत्नांमुळे. मला यात लक्षात घेण्यासारखे वाटते ते हे की, वर्गात अवहेलना म्हणजे काय हे ज्याने स्वतः सोसले, त्याने पुढे शाळा-महाविद्यालये उघडली.

आज सोयी पुष्कळ वाढल्या आहेत. १९९४ पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लातूरचे नाव परीक्षेच्या निकालांसाठी राज्यभर घेतले जाते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. हातातल्या फोनवर कोणत्याही शब्दाचा अर्थ क्षणात मिळतो. परंतु वर्गात हात वर करून ‘सर, मला कळले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य फोनमध्ये मिळत नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदविले होते की, देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या वर्गातील पंचवीस विद्यार्थ्यांमागे एकच मुसलमान असतो, आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक. हा आकडा सभांमधून वारंवार सांगितला जातो. तो ऐकला की मला आडतीत वही लिहिणारा माझा विद्यार्थी आठवतो. पंचवीसांत एकच का, याची कारणे मोठी आहेत. गरिबी आहे, दुजाभाव आहे, दूरची शाळा आहे. परंतु त्या कारणांत कोठेतरी माझ्यासारख्या एखाद्या घाबरलेल्या मास्तराने न वाचलेला पेपरही आहे. मोठी कारणे दूर व्हायला वेळ लागेल. हे लहान कारण मात्र आपल्या हातातले आहे.

म्हणून पालकहो, तुम्हाला माझी विनंती आहे. महाविद्यालयातल्या पहिल्या सहा महिन्यांवरून मुलाची पारख करू नका. पहिल्या चाचणीत शून्य आले, तर त्याला कामाला लावण्यापूर्वी तो कागद घेऊन शिक्षकाकडे जा आणि विचारा, साहेब, चूक कोठे झाली? संकोच करू नका; शिक्षकाकडे जाण्यासाठी शिकलेले असावे लागत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील आले असते, तर तो पेपर मला त्यांच्यासमोर वाचावा लागला असता. मुलींच्या बाबतीत तर अधिक धीर धरा. मुलगी पहिल्या सत्रात बोलत नाही, कमी गुण मिळवते, एवढ्यावरून ‘बस झाले शिक्षण’ असे म्हणू नका. माझ्या वर्गातली ती खिडकीकडची मुलगी ‘तलब’ शब्दावर बोलली. तिचे वडील दिवाळीतच थांबले असते, तर ती बोललीच नसती. पुढे तिने बी.एड. केले आणि शाळेत शिकवू लागली.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही सांगतो. गप्प बसण्याला घरी अदब म्हणत असतील. वर्गात त्याने नुकसान होते. पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न विचारा, मोडक्या मराठीत विचारला तरी चालेल. पहिला प्रश्न विचारणे फार कठीण असते, दुसरा त्याच्या निम्माही कठीण नसतो. रोज एक पान मराठीत लिहा. वर्तमानपत्रातले बाजारभावाचे रकाने वाचा, त्यात तुमच्या ओळखीचे शब्द भेटतील. आणि स्वतःची तीन रकान्यांची वही करा. ती वही दुसऱ्या कोणाची घेऊन चालणार नाही.

आपल्यातून जे प्राध्यापक होतील, झाले आहेत, त्यांना एवढेच सांगतो की, पहिल्या वर्षी तुम्हाला स्वतःचीच काळजी फार वाटेल. आपली नोट पुरेल का, कोणी अवघड प्रश्न विचारील का, कोणी काय म्हणेल. ही काळजी स्वाभाविक आहे, परंतु तिच्या नादात समोरचा वर्ग दिसेनासा होतो. नोट कमी पडली तर कोणाचे काही बिघडत नाही. कोरा पेपर आला तर मात्र त्या मुलाला त्याच दिवशी बोलावून घ्या. आणि आपल्या मुलाकडे लक्ष दिले तर पक्षपात होईल, ही भीती बाळगू नका. जो मागे आहे त्याच्याकडे लक्ष देणे हे शिक्षकाचे कामच आहे, मग तो इतवाऱ्यातला असो की लोह्याच्या तांड्यावरचा.

शेवटी संस्थेच्या चालकांपुढे एक सूचना ठेवतो. दहावीची परीक्षा संपल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंत मुलांना मोकळा वेळ मिळतो. त्यातले तीन आठवडे आपल्याच शाळेत एक वर्ग चालवावा. त्यात नवे काही शिकवायचे नाही; शाळेत उर्दूतून शिकलेलेच विज्ञान, गणित आणि अर्थशास्त्र यांचे शब्द मराठीत व इंग्रजीत समजावून द्यायचे, आणि मुलांना उभे राहून प्रश्न विचारण्याची सवय लावायची. यासाठी इमारत निधी लागत नाही. एक खोली, एक फळा, खडूची एक पेटी आणि दोन-तीन निवृत्त शिक्षक पुरतात. त्यांपैकी एक मी आहे. मानधन नको. शेजारच्या मराठी शाळेतली मुले आली, तर त्यांनाही बसू द्यावे. त्यांनाही त्या पुस्तकी शब्दांची भीती वाटतेच, आणि आपल्या मुलांना बोलायला सोबती मिळतील.

अरबांनी आपल्या देशातून ‘शून्य’ घेतले, त्याचे त्यांनी ‘सिफर’ केले आणि त्यापासून पुढे साऱ्या जगाचा हिशेब चालला. मी दिलेल्या शून्याने मात्र एका मुलाचा हिशेब बंद झाला. चाळीस वर्षांपूर्वी न वाचलेला तो पेपर आता मला वाचता येणार नाही. पण येत्या उन्हाळ्यात जी मुले या वर्गात येतील, त्यांचा प्रत्येक कागद मी वाचीन. परीक्षा संपताच नावे नोंदवावीत, एवढी पालकांना विनंती करतो.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.